दरबारी हसला तेव्हा

"मागे! सगळे मागे सरका!"

नीरजाताईचा आवाज आला आणि पाठोपाठ अशी खिंकाळी आली, की मानसच्या हातातला पराठा थेट मातीत पडला. समोर दरबारी मागच्या दोन पायांवर ताठ उभा होता! पुढचे खूर हवेत, मान वळलेली, नाकपुड्या फुललेल्या. आणि त्याच्या डाव्या खांद्याशी, बागडोर घट्ट धरून, नीरजाताई. ती ओरडली नाही, तिने दोराला हिसकाही दिला नाही. "हो... हो... बस, राजा," एवढंच म्हणत राहिली. दरबारी खाली आला, तिच्याभोवती गोल फिरला, पुन्हा खिंकाळला आणि शेवटी घामाने निथळत तिच्याबरोबर पागेकडे गेला.

परेडच्या रंगीत तालमीचे असे बारा वाजले!

दिल्लीच्या शाळांना थंडीची सुट्टी लागली होती. वैभवी आणि तिचा धाकटा भाऊ मानस दिल्लीतल्या द्वारकेहून फरीदाबादला मावशीकडे आले होते. मावशीची मोठी मुलगी नीरजा अरवलीच्या पायथ्याशी असलेल्या एका स्टड फार्मवर नोकरीला होती. स्टड फार्म म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांची पैदास करतात ती जागा. आणि धाकटी क्षिप्रा? ती वैभवीच्याच वयाची आणि तिच्याहून दुप्पट बडबडी. "परेड बघायची तर तालमीपासून बघायची, यार!" असं म्हणून तिनेच दोघांना पहाटे गोधडीतून ओढून काढलं होतं.

उद्या खरी परेड होती. लांबलांबचे घोडीमालक फार्मवरचे तीन स्टॅलियन, म्हणजे पैदाशीसाठी राखलेले नर घोडे, बघायला येणार होते. परेड म्हटल्यावर बँड आणि तुताऱ्या डोळ्यांसमोर आणू नका. घोड्याला खरारा करून चकचकीत करतात, लगाम चढवतात आणि एक जण त्याला पाहुण्यांसमोर आणतो. घोडा सरळ रेषेत लांब जातो, सरळ परत येतो आणि मग पुतळ्यासारखा उभा राहतो. पाहुणे ठरलेल्या अंतरावरून त्याचे पाय, छाती, मान, डोळे बघतात. हे उभं राहणंच सगळ्यात महत्त्वाचं. जो उभाच राहत नाही, त्याच्याकडे आपली घोडी पाठवणार कोण?

"मी म्हटलंच होतं!" मॅनेजर गुणवंतराव म्हणाले. गुणवंतरावांना थंडी फार. कानटोपी, त्यावर मफलर, अंगात दोन स्वेटर, त्यावर कोट. आवाज कुठून येतोय तेच कळत नसे. "बावीस वर्षांच्या पोरीच्या हातात स्टॅलियन? हा काय पॉमेरेनियन आहे? सिकंदर बघा कसा खांबासारखा उभा राहिला! त्याच जागी! म्हणजे दोष एकतर घोड्यात आहे, नाहीतर मुलीत. बिल्कुल साधी गोष्ट आहे!"

फार्मचे मालक तात्याराव जगदाळे मिशीवरून हात फिरवत उभे होते. मूळ घराणं ग्वाल्हेरचं, पण तीन पिढ्या दिल्लीत. बोलायचे कमी, पण बोलले की त्यावर ठाम राहायचे.

"उद्या दरबारीला सिकंदरचा सलीम आणेल," ते म्हणाले. "दोन बाजूंनी दोन दोर लावून."

नीरजाताई पागेतून परत आली होती. ती कळवळून म्हणाली, "तात्यासाहेब, दोन दोर लावले तर तो आणखी बिथरेल! काल-परवा किती शहाण्यासारखा उभा राहिला होता!"

"मग आज काय झालं ते सांग."

नीरजाताईने पागेकडे वळून बघितलं.

"कारण सापडलं तर माझ्याकडे ये. मग घोडा तुझ्या हातात. पण उद्या पाहुण्यांसमोर तो असा वागला, तर मी त्याला विकून टाकणार."

एवढं बोलून ते गाडीत बसले आणि पाहुण्यांना आणायला दिल्लीला निघून गेले.

*

दरबारीच्या पागेबाहेर चाऱ्याच्या पोत्यांवर चौघं बसली. नीरजाताई हुंदके देत नव्हती, पण डोळे वाहत होते. दरबारी या फार्मवर आला तेव्हा माणसाचा हात लागला की थरथरायचा. दोन वर्षं तिने त्याला चालायला, थांबायला, विश्वास ठेवायला शिकवलं होतं. आणि आता तो विकला जाणार!

"ताई, रडू नको ना," क्षिप्रा म्हणाली. "आपण शोधू कारण!"

"आपण म्हणजे? तुला घोड्यातलं काय कळतं?" वैभवी म्हणाली.

"तुझ्याएवढंच! म्हणजे काहीच नाही!"

मानस मात्र ताईच्या मोबाइलवर सकाळचे फोटो बघत होता. तालमीचे फोटो काढायचं काम त्याच्याकडे होतं. तो एकदम म्हणाला, "ए, हा बघा, उधळायच्या आधी तो हसत होता!"

"घोडे हसतात होय रे!"

"बघ तर!"

खरंच, फोटोत दरबारीने मान उंच केली होती, वरचा ओठ नाकावर दुमडला होता आणि सगळे दात बाहेर! मोठा विनोद ऐकल्यासारखा दिसत होता. वैभवी आणि क्षिप्रा खो-खो हसायला लागल्या. नीरजाताई मात्र हसली नाही. तिने मोबाइल ओढून घेतला.

"हे हसणं नाही! हा वास घेतोय. घोड्याला काही खास वास आला की तो असा ओठ दुमडून वास आत ओढतो. आणि बहुतेक वेळा तो वास घोडीचा असतो. एकदा घोडीचा वास आला की स्टॅलियन तिला हाका मारत सुटतो, मग ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही."

"म्हणजे इथे घोडं पेंड खातंय!" वैभवी उडालीच.

"पण घोड्या आहेत कुठे? त्यांची पागा पार कालव्याच्या पलीकडे. आणि वारा इकडून तिकडे वाहतोय. आणि वास आलाच असता, तर सिकंदरलाही यायला हवा होता. तो का नाही हलला?"

हा प्रश्न बिनतोड होता. मानस गाल चोळत म्हणाला, "सिकंदरला सांभाळतात ते सलीमचाचा आहेत ना, त्यांनी सकाळी माझा गाल ओढला. अजून वास येतोय. आपल्या आजोबांच्या गुडघ्यांचा!"

"आजोबांच्या गुडघ्यांचा कसला वास, वेड्या?"

"बामचा!"

नीरजाताई ताडकन उभी राहिली. "बाम! अरे हो! परेडच्या आधी स्टॅलियनच्या नाकपुड्यांना बाम लावायची पद्धत आहे. म्हणजे त्यांना दुसरा वास येत नाही. सलीमचाचांनी सिकंदरला लावला असणार, तिसऱ्या घोड्यालाही लावला असणार! दरबारीच्या नाकाची कातडी सोलवटली होती, म्हणून डॉक्टरांनी त्याला बाम बंद केलाय. मी म्हटलं, आसपास घोडीच नाही तर काय बिघडतं!"

"म्हणजे वास तिथे होता," वैभवी बोटांवर मोजत म्हणाली. "फक्त दरबारीच्याच नाकाला तो कळला!"

"पण कशाचा?" क्षिप्राने विचारलं.

याचं उत्तर मैदानावरच मिळणार होतं.

*

मैदानाच्या कडेला पाहुण्यांसाठी पेंढ्याचे मोठे गठ्ठे ओळीने मांडले होते. त्यांच्यावर मरून रंगाच्या, सोनेरी काठाच्या जाडजूड झुली अंथरल्या होत्या. मोठी झोकदार बैठक दिसत होती!

"दरबारी बरोब्बर इथे, या बैठकीसमोर हसला," मानसने फोटो धरून दाखवलं.

"परवाही तो इथेच उभा राहिला होता. तेव्हा आणि आज, फरक काय?" वैभवीने विचारलं.

"गठ्ठे परवाही होते," क्षिप्रा म्हणाली. "मी त्यांच्यावर उड्या मारल्या होत्या, म्हणून माहीत आहे. झुली नव्हत्या!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मानसने वाकून एका झुलीला नाक लावलं आणि सटासट तीन शिंका दिल्या. एवढ्यात मागून आवाज आला, "काय चाललंय रे?"

गुणवंतराव! मानस घाबरला. पण क्षिप्राने बत्तीस दात दाखवले.

"काका, किती ब्यूटिफुल झुली आहेत! नव्या आणल्या?"

गुणवंतराव फुलले. "नव्या कशाला? पलीकडच्या घोड्यांना... म्हणजे माद्यांना यंदा नव्या निळ्या झुली आल्या. महिनाभर अंगावर होत्या त्या या जुन्या! म्हटलं, पाहुण्यांना थंड गठ्ठ्यांवर बसवायचं का? काल संध्याकाळीच सगळ्या आणवल्या आणि अंथरून टाकल्या. डोकं लागतं याला!"

"धुतल्या का?" वैभवीने साळसूदपणे विचारलं.

"या धुक्यात धुतलं तर वाळणार कधी? होळीला? मस्त झटकून घेतल्या!"

आणि ते स्वतःवर खूश होत निघून गेले.

क्षिप्राने एक झूल गुंडाळली आणि तिघं पागेकडे धावली. नीरजाताईने त्यांना दारापासून लांब उभं केलं. आधी तिने दरबारीची स्वतःची झूल त्याच्यासमोर धरली. दरबारीने बघितलंसुद्धा नाही. मग तिने मरून झूल लांबूनच काठीवर धरली. दरबारीची मान वर गेली, ओठ दुमडला आणि पागा दणाणून टाकणारी खिंकाळी बाहेर पडली!

"सापडलं!" मानसने उडी मारली.

नीरजाताई तशीच गुणवंतरावांकडे गेली. परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "ते म्हणतात, मला जमत नाही म्हणून मी झुलींना दोष देतेय. नाचता येईना, अंगण वाकडं! एकही झूल हलवायची नाही, अशी ताकीद दिलीय. तात्यासाहेबांना फोन लावला, तर ते उचलत नाहीयेत."

"म्हणजे ते आता उद्या सकाळीच भेटतील, पाहुण्यांच्या गराड्यात," वैभवी म्हणाली. "तोवर सगळे त्या झुलींवर बसलेले असणार!"

*

आणि झालंही तसंच.

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं, की पाहुण्यांच्या गाड्या मुंगीच्या पावलांनी आल्या. पंजाबचे फेटेवाले सरदारजी, पुण्याच्या एक तोऱ्यातल्या बाई, दिल्लीचे गॉगलवाले. सगळे उतरले ते कुडकुडत थेट मरून झुलींवर जाऊन बसले. काहींनी तर टोकं ओढून गुडघ्यांवर घेतली! तात्याराव हात जोडत या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत होते. त्यांच्याजवळ पोचायला वाटच नव्हती.

सलीमचाचांनी सिकंदरला आणलं. काळाभोर सिकंदर रुबाबात चालला आणि खांबासारखा उभा राहिला. माना डोलल्या. त्याच्यानंतर दुसरा घोडा, आणि मग दरबारी! तिकडे दोन माणसं दोन दोर घेऊन तयार उभी होती. नीरजाताई पागेच्या भिंतीला टेकून बघत होती.

"काहीतरी कर ना, वैभवी!" क्षिप्रा रडकुंडीला आली.

"एवढ्या माणसांना उठा म्हटलं तर उठतील का? एक तर जिथे ऊब, तिथे दिल्लीकर..." वैभवी बोलता बोलता थांबली. मैदानाच्या पलीकडे, कडुलिंबापाशी, धुकं विरत होतं. पिवळंजर्द ऊन जमिनीवर उतरत होतं. बैठक मात्र अजून पागेच्या सावलीत गारठली होती.

"क्षिप्रा! पाहुण्यांच्या नाश्त्यासाठी मांडलेलं ते जलेबीचं टेबल चाकांवर आहे ना?"

"हो. का?"

"कडुलिंबाखाली ने! पळ! आणि मानस, फरीदाबादहून द्वारकेला आईला ऐकू जाईल असा तुझा आवाज आहे म्हणतात ना? घोडा आत गेला की लाव तो!"

दुसरा घोडा पागेत गेला, दार बंद झालं आणि मानसने छाती भरून घेतली.

"धूप निकल आई! धूप उधर है जी! नीम के नीचे! गरम जलेबी भी उधर!"

जानेवारीतला दिल्लीकर एक वेळ हातातली गरम चहाची कपबशी सोडेल, पण ऊन सोडणार नाही! सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. आधी गॉगलवाले उठले. मग सरदारजी "चलो जी, चलो!" म्हणत निघाले. पुण्याच्या बाईंनी "शी बाई, किती वेळ गारठवताय," म्हणत पदर सावरला. बघता बघता अख्खी बैठक ऊन खायला पलीकडे!

"अहो... अहो, बसा ना! इथे बसा ना!" गुणवंतराव हात हलवत राहिले. ऐकतो कोण?

वैभवीने चाऱ्याची हातगाडी आणली. क्षिप्रा परत धावत आली. तिघांनी भराभर झुली ओढल्या, गाडीत कोंबल्या आणि गाडी लांबच्या धान्याच्या कोठीत ढकलून दार लावून घेतलं. हात खाजत होते, नाकं वाहत होती, पण थांबायला वेळ कुठे होता? वैभवी तशीच तात्यारावांसमोर जाऊन उभी राहिली.

"आजोबा, कारण सापडलं!" ती धापा टाकत म्हणाली. "त्या झुली घोड्यांच्या, माद्यांच्या होत्या! न धुतलेल्या! बाकीच्यांच्या नाकाला बाम होता, दरबारीच्या नव्हता. काल त्याच्यासमोर झूल धरून बघितली. आता तिथे एकही झूल नाही. तुम्ही म्हणाला होतात, कारण सापडलं तर घोडा नीरजाताईच्या हातात!"

तात्यारावांनी रिकाम्या गठ्ठ्यांकडे बघितलं. मग उन्हातल्या पाहुण्यांकडे बघितलं. मिशी जराशी हलली.

"म्हटलं होतं खरं," ते म्हणाले. "घोडामैदान जवळच आहे. सलीम! दोर काढा. नीरजा आणेल त्याला!"

*

दरबारी बाहेर आला तेव्हा ऊन त्याच्या पाठीवर पडलं आणि त्याचं तांबूस अंग तापलेल्या पितळेसारखं झळाळलं. नीरजाताई त्याच्या खांद्याशी, एका हातात बागडोर, नजर समोर. दोघं सरळ रेषेत लांब गेली, सरळ परत आली. पाहुण्यांचं जलेबी खाणं थांबलं. मानसने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

दरबारी उभा राहिला. चारही पाय कसे मापात! कान पुढे.

आणि तेवढ्यात मागून कुणीतरी तणतणत आलं. "माझ्या झुली कुठे गेल्या? कुणी उचलल्या?"

गुणवंतराव होते! कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, कोट, आणि त्या सगळ्यावर खांद्यांभोवती घट्ट लपेटलेली एक मरून झूल!

"ती राहिलीच!" क्षिप्रा किंचाळणार होती, पण वैभवीने तिच्या तोंडावर हात ठेवला. घोड्याजवळ ओरडायचं नसतं.

दरबारीची मान उंच गेली. वरचा ओठ दुमडला. सगळे दात दाखवत तो हसला आणि गुणवंतरावांकडे बघून जीव ओतून खिंकाळला!

"काका, झूल टाका," नीरजाताई शांतपणे म्हणाली.

"काय? का?"

"झूल टाका आणि बाजूला व्हा. तो तुम्हाला घोडी समजतोय!"

गुणवंतरावांनी झूल टाकली आणि असे पळाले, की थेट जलेबीच्या टेबलाखाली! सलीमचाचांनी चपळाईने झुलीचं बोचकं केलं आणि ते घेऊन पागेमागे गेले. इकडे दरबारी पाय आपटत होता, त्याची पाठ थरथरत होती. आता उधळणार! सरदारजी दोन पावलं मागे सरकले.

नीरजाताईने दोराला हिसका दिला नाही. तिने त्याला एक छोटा गोल फिरवला, मग आणखी एक, आणि त्याचं तोंड डोंगराकडून येणाऱ्या स्वच्छ वाऱ्याकडे केलं. "हो... हो... बस, राजा." दरबारीने एक लांब श्वास सोडला. मान खाली आली. कान तिच्या दिशेने वळले. आणि तो उभा राहिला. इतका स्तब्ध, की उडून आलेली चिमणी त्याच्या पायांपाशी दाणे टिपायला लागली.

सरदारजींनी टाळीसाठी हात उचलले. तात्यारावांनी पटकन बोट ओठांवर ठेवलं. टाळ्यांनी घोडा दचकतो. मग सगळे तसेच उभे राहिले, हात उचललेले, श्वास रोखलेले. पुण्याच्या बाई हळूच म्हणाल्या, "घोड्याचं नंतर विचारते. आधी ही मुलगी कोण ते सांगा."

"आमची नीरजा," तात्याराव म्हणाले. इतक्या अभिमानाने, की वैभवीने क्षिप्राचा हात घट्ट दाबला.

नीरजाताई दरबारीला घेऊन परत निघाली. तात्यारावांनी तिघांना जवळ बोलावलं. "मी पन्नास वर्षं घोडे बघतोय. काल घोडा इतकं स्पष्ट सांगत होता आणि मला ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं! शाबास! दरबारी कुठेही जाणार नाही. आणि त्याला नीरजाच सांभाळेल, दुसरं कुणी नाही."

टेबलाखालून गुणवंतराव बाहेर आले. कानटोपीला पाक लागला होता. "पोरांनो, चुकलंच माझं," ते पुटपुटले. "नीरजाचीही माफी मागायला हवी."

"आत्ताच मागा," तात्याराव म्हणाले. "पण दार लागू द्या."

सगळ्यांचे डोळे पागेकडे लागले. दरबारी आत गेला. दार सरकलं. कडी लागल्याचा खणकन आवाज आला आणि इतका वेळ अडवून धरलेल्या टाळ्या एकदम फुटल्या! सरदारजी, बाई, गॉगलवाले, सलीमचाचा, सगळे! मानसने तर अशी शिट्टी मारली, की कडुलिंबावरचे पोपट उडाले.

नीरजाताई हातात रिकामी बागडोर घेऊन एकटीच बाहेर आली. एवढ्या टाळ्या कुणासाठी, ते तिला कळेना. ती मागे वळून बघायला लागली.

"अगं तुझ्यासाठी, ताई!" क्षिप्रा धावत सुटली. "तुझ्यासाठी!"